मुलीच्या पानाची वरची ओळ

सुतार म्हातारा झाला तरी गावातून जाताना बोट दाखवतो, हे दार माझं, ती चौकट माझी. माझ्या धंद्यात ती सोय नाही. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याच्या एका गाळ्यात बसून मी इतकी वर्षं वेबसाईटी बनवल्या आणि आज कुणी म्हटलं, दाखव बरं एखादी जुनी, तर माझ्याकडे दाखवायला काही नाही. काहींच्या मालकांनी पत्त्याचे पैसे पुन्हा भरलेच नाहीत, काहींवर मालकाच्या भाच्याने हात साफ केला, उरलेल्या मोबाईलने गिळल्या. पण मी नुसती हळहळत बसणारी बाई नाही. माझ्या हातून एक काम असं झालं आहे की त्याचा मला आजही माज आहे, आणि तो मी या दिवाळी अंकात उघडपणे करणार आहे. ज्यांना आवडणार नाही त्यांनी पान उलटावं, पुढे कविता असतील.

आधी धंदा समजून घ्या. इंटरनेटवर तुम्ही एक पत्ता घेता आणि सामान ठेवायला थोडी जागा भाड्याने घेता. त्या जागेत पानं लावायची. कुणीही कुठूनही तो पत्ता टाकला की तुमचं पान त्याच्यासमोर उघडतं. ही झाली वेबसाईट. ते पान देखणं करणं हे निम्मंच काम. खरी अक्कल लागते ती दुसरीकडे. पान उघडल्यावर माणसाची नजर आधी कुठे पडेल, मग कुठे सरकेल, आणि कंटाळून निघून जायच्या आत त्याला काय कळलं पाहिजे, हे ठरवावं लागतं. लग्नाच्या पंगतीसारखंच आहे हे. पहिल्या पंगतीला कोण, दुसरीला कोण, आणि कोण रुसून बसणार. वरची ओळ कोणाला द्यायची, हाच माझा धंदा.

मी दुकान टाकलं तेव्हा गोंदियात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. मीही त्यातल्याच एका क्लासात शिकले आणि पुढचं पुस्तकं वाचून, चुकत-माकत. माझ्या गाळ्यावर पाटी होती, ‘वेबसाईट बनवून मिळेल’. लोक आत येऊन विचारायचे, “मॅडम, झेरॉक्स आहे का?” दुसरा यायचा, “पोराचा रिझल्ट पाहून द्या.” एक आजोबा तर रेल्वेचं आरक्षण करून दे म्हणून हटून बसले. मी म्हटलं, आजोबा, हे ते दुकान नाही. म्हणाले, “मंग कॉम्प्युटर कायले ठेवला?” मी त्यांना आरक्षण करून दिलं.

नेट तेव्हा टेलिफोनच्या तारेतून यायचं. मॉडेम असा किंचाळायचा की शेजारच्या किराणा दुकानातल्या काकू ओरडायच्या, “काय वो योगिता, मांजर दाबली का?” फोटो पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांनी उतरायचा. आधी केस, मग कपाळ, आणि गिऱ्हाईक मिशांपर्यंत येईस्तोवर लाईन कटायची. वर लोडशेडिंग. म्हणून पान हलकं ठेवायचं, फोटो लहान करायचे, हा धडा मी कुठल्या पुस्तकात नाही, घाम गाळत गिरवला. आजची पोरं पानात सिनेमे टाकतात. टाका बाप्पा, तुमचं राज्य आहे.

माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक राईस मिलवाले सेठजी. गोंदिया शहर हिंदीतच बोलतं, सेठजी तर हिंदीतच श्वास घ्यायचे. मिलचे फोटो काढले, तांदळाचे नमुने लावले, सगळं तयार करून त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “बेटी, ये रात को भी चालू रहेगा?”

“हो सेठजी. दिवसरात्र.”

“और इतवार को?”

“इतवारी पण.”

“तब तो गडबड है. आदमी इतवार को आएगा, मिल बंद मिलेगी, गाली देके जाएगा. इतवार को इसका शटर गिरा दो.”

मी हरप्रकारे समजावलं की कुणी खरोखर येत नाही, कलकत्त्याचा माणूस घरी बसून पाहतो. सेठजी म्हणाले, कलकत्त्याच्या माणसाचाही अपमान होता कामा नये. शेवटी मी खास कोड लिहिला. रविवारी कुणी पत्ता टाकला की जोडलेले हात दिसायचे आणि खाली, ‘आज मिल बंद है, कल पधारिए’. मला वाटलं हसं होणार. पण सोमवारी सकाळी खरंच बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला, की कल आपकी छुट्टी थी. त्यानंतर सेठजी जो भेटेल त्याला सांगत सुटले, “हमारी वेबसाईट छुट्टी भी लेती है.” रविवारी सुट्टी घेणारी वेबसाईट मी दुसरीकडे पाहिलेली नाही. हाही माझा एक छोटा माज.

आता माझ्या घराकडे येते. आम्ही कामठा गावचे, पोवार, शेतकरी. आमचे पूर्वज माळव्यातून आले, छत्तीस कुळांचे, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही सांगतात. घरात पोवारी, शेतावर झाडीबोली, शहरात हिंदी आणि कागदावर मराठी, अशा चार बोलींत माझा दिवस जातो. बाबांनी मला दुकान टाकू दिलं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. मुलीने डी.एड. करावं, मास्तरीण व्हावं, असं सगळा गाव म्हणत होता. बाबांनी दुकानाला होकार दिला, पण एक अट घातली. “समाजात मान खाली घालाची पाळी आणजो नको. आणली त शटर मीच ओढीन.” बाबा कमी बोलायचे, पण बोलले की तसंच करायचे. ही अट माझ्या डोक्यावर कायम टांगलेली असायची.

सेठजींच्या वेबसाईटची चर्चा झाली आणि एक दिवस गुरुजी आले. गुरुजी म्हणजे समाजाच्या परिचय समितीचे प्रमुख, निवृत्त शिक्षक, बाबांचे जुने स्नेही. लग्नाच्या मुलामुलींची छापील परिचय पुस्तिका ते दरवर्षी काढायचे. आता समितीला तेच इंटरनेटवर हवं होतं, कारण पोरं पुण्याला, रायपूरला, कुठे कुठे गेली होती. बाबांची छाती फुगली. समाजाचं काम, आणि ते त्यांच्या मुलीकडे! कामठ्यात त्यांनी ही बातमी कोणाकोणाला सांगितली नाही ते विचारा.

आमच्यात एका कुळात लग्न होत नाही. त्यामुळे स्थळं पाहणाऱ्याला आधी कुळं चाळावी लागतात. मी त्यावर शोध बसवला. तुमचं कूळ निवडा, त्या कुळातली सगळी पानं आपोआप गायब. जुन्या पुस्तिकेतली नावं घालून पहिल्यांदा समितीला दाखवायला बसले. गुरुजींनी आपलं कूळ निवडलं आणि पडद्यावर जेमतेम मूठभर पानं उरली.

“बाकीचे कुठं गेले?” गुरुजी म्हणाले.

मी कोड वरखाली चाळला. मग लक्षात आलं. आमच्या घरात आईचं कूळही टाळतात, म्हणून मी तेही टाळायला लावलं होतं. सगळीकडे तसंच असेल असं धरून चालले होते. पण काही घरं ते पाळतात, काही नाही पाळत.

“अवो बाई,” गुरुजी म्हणाले, “अर्धा समाज गायब केलास तू! आता काय कुवारेच राहतीन का सगळे?”

समितीतले म्हातारे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मी तिथेच बसून आईच्या कुळासाठी वेगळं बटन केलं, ज्याला पाळायचं त्याने दाबावं. ते चाललं तेव्हा गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, मी जन्मभर बोटांवर जे मोजलं ते हिने एका बटनात बसवलं. त्या दिवशी मी कुडव्याला तरंगतच परत आले.

मग पानं भरायची वेळ आली, आणि तिथे माझी गाडी अडली. मुलाचं पान सरळ होतं. वर त्याचं नाव, फोटो, शिक्षण, नोकरी. मुलीचं पान पुस्तिकेत होतं तसंच घ्यायचं होतं. वर वडिलांचं नाव, मग गाव, कूळ, शेती, भाऊ किती, मामाचं गाव, मामाचं कूळ, आणि हे सगळं सरल्यावर तळाला मुलीचं नाव, रंग, उंची. फोटो नाही. पुस्तिकेत ते कधी डोळ्यांवर आलं नव्हतं, कारण तिथे एका पानावर आठ-दहा मुली दाटीवाटीने छापलेल्या असत. पडद्यावर प्रत्येकीला आख्खं पान मिळालं, आणि मुलीचं पान उघडलं की मुलगी दिसेचना. तिच्यापर्यंत पोचायला माऊसने खाली, खाली, खाली जावं लागे. मी धंद्याच्या नजरेने पाहिलं. जिच्यासाठी पान, तीच पानात शेवटी. असं पान सेठजींच्या तांदळाचं केलं असतं तर त्यांनी मला मिलबाहेर काढलं असतं.

त्याच आठवड्यात तिरोड्याकडचे एक काका आपल्या मुलीचं, दुर्गाचं, पान भरायला आले. दुर्गा त्यांच्या बाजूच्या खुर्चीत बसली होती. काका भराभर सांगत होते, मी टाईप करत होते. शेवटी मी दुर्गालाच विचारलं, “तुला काय येतं? काय आवडतं?”

“बी.ए. झाली,” काका म्हणाले.

“काका, मी तिला विचारते आहे.”

दुर्गाने एकदा बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, “मले ट्रॅक्टर चालवता येते.”

“हे नको लिवजो माय,” काका घाईने म्हणाले. “पोरगा पळून जाईन!”

दुर्गा फस्सकन हसली. काकाही हसले. पण ते लिहू नको यावर ठाम होते. मी नाही लिहिलं. ती गेल्यावर मात्र मला काही सुचेना. ट्रॅक्टर चालवणारी, अशी मोकळी हसणारी मुलगी माझ्यासमोर बसून गेली, आणि मी बनवलेल्या पानात तिचा मागमूस नव्हता. माझा असा संताप झाला की काय सांगू.

मी मुलीचं पान मोडलं आणि नव्याने मांडलं. वर मुलीचं नाव, मोठ्या अक्षरात. त्याच्याखाली एक चौकट, ‘स्वतःबद्दल दोन ओळी’, ती मुलीने स्वतः भरायची. मग शिक्षण, मग कूळ, मग वडील, मामा, शेती. कोणालाही काढलं नव्हतं. फक्त पंगत बदलली होती.

गुरुजींनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. “हे काय? मुलीचं पान बापाच्या नावानं उघडते. आजवर तसंच होत आलं.”

“गुरुजी, पान मुलीचं आहे ना?”

“मुलगी बापाची आहे ना?” आवाज चढला नाही, पण खडू आपटावा तसे शब्द पडले. “दोन ओळी म्हणते. काय लिवतीन पोट्ट्या? लोक हसतीन. जसं होतं तसं कर. नाई त समिती दुसरा माणूस पाहीन, अन् तुया बाबाले मी स्वतः सांगीन.”

दुसरा माणूस पाहीन याची मला भीती नव्हती. बाबांना सांगीन याची होती.

इथे माझी एक दुसरी सवय सांगायला हवी. मी ब्लॉग लिहीत होते. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची स्वतःची ओसरी. मनात येईल ते मांडायचं, येणारा-जाणारा वाचतो, वाटलं तर खाली दोन शब्द लिहून जातो. नेटवर मराठी लिहिणं तेव्हा नुकतंच सोपं झालं होतं, त्याआधी आपण लिहावं मराठी आणि समोरच्याला दिसावेत नुसते चौकोन. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी लिहायची. रविवारी सुट्टी घेणारी वेबसाईट, आरक्षणवाले आजोबा, किंचाळणारा मॉडेम. खाली नाव टाकायची, ‘कुणीतरी कुडव्याची’. कुठून कुठून लोक वाचायचे. एक बाई परदेशातून लिहायच्या की तुमचं वाचलं की मला धान रोवण्याच्या चिखलाचा वास येतो. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. मुलगी चारचौघांत असं काही लिहिते, हे त्यांना कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं.

गुरुजी गेले त्या दुपारी मी मुलीच्या पानावर लिहिलं. रागात लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. गुरुजींचं नाव नाही, समाजाचं नाव नाही, दुर्गाचा उल्लेख नाही. पण कुळं गायब करणाऱ्या बटनाची गंमत मी त्यात घातली, आणि असं बटन साऱ्या जगात एकाच ठिकाणी होतं.

दिवाळी झाली आणि मंडईचे दिवस आले. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावचा दिवस वेगळा. दुकानं लागतात, दंडारीचा नाच होतो, नाटक असतं, आणि घरोघरी पाहुण्यांची रीघ. सोयरिकीच्या गोष्टी निघतात त्याही तेव्हाच. कामठ्याच्या मंडईला मी दुकान बंद करून घरी गेले. दुपारी आमच्या अंगणात खाटा टाकलेल्या, पाहुणे बसलेले, आई चिवड्याच्या बशा भरते आहे, लांबून दंडारीची ढोलकी ऐकू येते आहे. आणि गुरुजी आले.

ते खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि सगळ्यांसमोरच म्हणाले, “भाऊ, तुमची पोरगी समाजावर इंटरनेटवर लिवून राहिली, माहीत आहे का? माया पुतण्यानं नागपुरात वाचलं. मले फोनवर सगळं वाचून दाखवलं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “खरं होय का?”

“हो बाबा. नाव नाही टाकलं कोणाचं. पण मीच लिहिलं.”

“काय लिवलंस?”

“गुरुजींनी सांगितलं ना...”

“गुरुजीले नाई इचारून राहिलो. तुले इचारून राहिलो. मले ऐकव.”

कामठ्यात नेट कुठलं, कॉम्प्युटर कुठला. पण मला ते तोंडपाठ होतं. मी खाली मान घालून सुरुवात केली आणि म्हणता म्हणता मान वर आली.

“आमच्याकडे मुलगी शोधायची तर आधी तिचा बाप शोधावा लागतो. बाप सापडला की त्याची शेती सापडते. शेताच्या धुऱ्याबांधावर तिचे भाऊ उभे असतात. भावांच्या मागे मामा. या सगळ्यांना रामराम घालत पुढे गेलं की अगदी तळाला एक मुलगी असते. रंग गोरा, उंची बरी. तिला काय येतं, काय आवडतं, ती हसते कशी, ते विचारू नका. त्याला जागा नाही म्हणतात. मी पानं बनवते. मी छातीठोक सांगते, जागा हवी तेवढी आहे.”

मधला बटनाचा भाग मी गाळला नाही. कोणी हसलं नाही. माझं दुकान गेलं असं मी मनात धरूनच टाकलं.

तेवढ्यात दारातून आई बोलली. पाहुण्यांसमोर आई कधी बोलत नसे. हातात चहाचा ट्रे होता, तो तिने खाली ठेवला नाही. “काय खोटं लिवलं तिनं? मले पाहाले आले तवा सगळे जण माया बाबाच्या धानाच्या बांध्या पाहून आले. पाणी कुठून येते, धान किती होते, सगळं इचारलं. मी अशीच चहा घेऊन उभी होती. मले कोणी पाहलंच नाई.”

बाबा म्हणाले, “मी पाहलं होतं.”

“काय पाहलं होतं तुमी? खाली मान घालून त बसले होते.”

“एका कपाचा कान तुटला होता,” बाबा म्हणाले. “तो तू माया काकाले देला. मले चांगला देला.”

काय झालं म्हणता! एक मावशी हसत हसत खाटेवरून घसरल्याच. आई लाजून आत पळाली, चहासकट. इतक्या वर्षांत हे बाबांनी तिला सांगितलं नव्हतं. गुरुजींच्या ओठांवरही हसू आलं होतं, पण ते शिक्षक माणूस, त्यांनी ते गिळलं. म्हणाले, “हसून नाई होत भाऊ. समाजाचं काम आहे. पान बदलवाचं की नाई, ते सांगा.”

बाबा गंभीर झाले. “उद्या सांगतो,” म्हणाले, आणि उठून मंडईत निघून गेले. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी रात्रभर कूस बदलत होते.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, तुम्हाला उगाच टांगून ठेवत नाही. पान माझ्याच मांडणीचं राहिलं. गुरुजींनी महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, आणि मग एक दिवस स्वतःच्या नातीला घेऊन आले. तिला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, “लिव, तुयाबद्दल काय लिवाचं ते. पण शुद्ध लिव.” दुर्गा पुन्हा आली, काकांना घेऊन, आणि तिने स्वतःच्या हाताने टाईप केलं की तिला ट्रॅक्टर चालवता येतो. पोरगा पळाला नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडचा होता, त्याच्या घरच्यांनी ती ओळ वाचूनच फोन केला. कितीतरी मुलींनी आपापल्या दोन ओळी लिहिल्या. कोणी लिहिलं, मला चित्रं काढता येतात. एकीने लिहिलं, मला चहा आवडत नाही, करायला सांगू नये. ती ओळ वाचून मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या. आज ती वेबसाईट नाही. तिच्या जागी मोबाईलवर दुसरंच काहीतरी आलं, ते मी बनवलेलं नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण ते मोबाईलवालंही मी मुद्दाम उघडून पाहिलं. मुलीच्या पानावर वर मुलीचंच नाव होतं.

आणि हे कशामुळे झालं, तर मंडईच्या दुसऱ्या दिवसामुळे.

सकाळी मी कुडव्याला येऊन दुकान उघडलं. झाडून घेत होते तर बाबांची दुचाकी दारात थांबली. बाबा माझ्या दुकानात तोवर एकदाच आले होते, पूजेच्या दिवशी. त्यांनी गाडी लावली, वर शटरकडे पाहिलं. मी झाडू हातात घेऊन तशीच उभी. ते आत आले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.

“चालू कर तुयी मशीन,” म्हणाले.

मी चालू केली.

“ते पान काढ. पोरींचं. तू बनवलं ते.”

मी काढलं. कोरं पान होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पडद्याजवळ तोंड नेऊन पाहिलं. बाबांना वाचता यायचं, पण सावकाश. एकेका ओळीवर बोट ठेवत ते खालपर्यंत गेले.

“बापाचं नाव आहे ना यात.”

“आहे बाबा. हे बघा, इथे.”

“मंग गुरुजी कायले भांडून राहिले? बापाले कुठं हाकललं?” ते मागे टेकले. “लिव. आपलं पान लिव.”

“कोणाचं?”

“तुयं. दुसऱ्याच्या पोरीचं मागाहून लिवजो. आधी आपल्या घरचं टाकू, मंग कोणी बोलन त बोलन.” मग बोटाने दाखवत म्हणाले, “वर तुयं नाव टाक. मोठ्या अक्षरात.”

मी टाकलं. योगिता. दोनदा चुकलं.

“अजून मोठं होते का?”

“होतं.”

“कर मंग.”

मी केलं. इतकं मोठं अक्षर चांगलं दिसत नाही, मी कोणाही गिऱ्हाइकाला करू दिलं नसतं. बाबांना दिलं. त्यांनी कूळ सांगितलं, गाव सांगितलं, मामाचं सगळं सांगितलं. आपलं नाव आलं तेव्हा म्हणाले, “बारीक टाक. वाचता आलं म्हणजे झालं.” आता चौकट राहिली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, “बाबा, इथे काय लिहू?”

“ते मी कायले सांगू?” बाबा उठले. “तू लिव. मी बाहेर उभा राहतो. मी समोर असलो त तुले लिवता येणार नाई.”

आणि ते खरंच बाहेर जाऊन उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून. शेजारच्या काकूंनी विचारलं, “काय भाऊ, बाहेर कायले उभे?” तर म्हणाले, “माया पोरीचं काम चालू आहे.”

तोवर मी दुसऱ्यांसाठी किती पानं लिहिली असतील! मिलची, शाळेची, दुकानांची. स्वतःसाठी दोन ओळी लिहायला मला जितका वेळ लागला तितका कशालाच लागला नव्हता. डोळे सारखे भरून येत होते आणि पडदा दिसत नव्हता. शेवटी लिहिलं : ‘मी वेबसाईट बनवते. कुणीतरी कुडव्याची म्हणून जी लिहिते, ती मीच.’

बाहेरून बाबांचा आवाज आला, “झालं का वो?”

“झालं बाबा. या.”

ते आत आले, पडद्याजवळ तोंड नेलं आणि बोट ठेवून त्या दोन ओळी सावकाश, मोठ्याने वाचल्या.